रंगनाथने दूध संघात वायफाय बसवलं

हिवरखळी गावात रंगनाथ नावाचा एक भोळा माणूस राहायचा. तो आळशी नव्हता. लबाड तर मुळीच नव्हता. सांगितलेलं काम तो लगेच करायचा आणि अगदी सांगितलं तसंच करायचा. म्हणून गावात त्याला कुणी काम सांगत नसे.

त्या गावच्या दूध संघाने नवं ऑफिस बांधलं. जिल्ह्याच्या साहेबांनी एक अट घातली. उद्घाटनाच्या दिवशी गावातल्या म्हशीचं दूध मशीनमध्ये ओतायचं, आणि त्याच्या फॅटचा आकडा, मध्ये कुठलीही तार न लावता, मंडपातल्या पडद्यावर दिसला पाहिजे. दिसला तर संकलन केंद्र हिवरखळीत. नाही दिसला तर टाकळवाडीत. टाकळवाडी खिंडीपलीकडे होती. केंद्र तिकडे गेलं असतं, तर हिवरखळीच्या बायकांना रोज पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन खिंड चढावी लागली असती.

म्हणून शहरातून एक मॅडम आल्या. केतकी मॅडम. वयाने लहान, पण कामात पक्क्या. त्या संघाचे चेअरमन दौलतअण्णा सपकाळ यांना म्हणाल्या, "मला मदतीला एक माणूस द्या. सांगेन तसं करणारा हवा. मध्येच स्वतःचं डोकं चालवणारा नको."

अण्णांना विचार करावा लागला नाही. "असा एकच आहे," ते म्हणाले.

रंगनाथ आला. मॅडमनी पिशवीतून दोन शिंगांचा एक लहानसा डबा काढला. "रंगनाथभाऊ, हा राउटर. यातून सिग्नल निघतो आणि सगळीकडे जातो. तूर्त मी हा दारापाशी ठेवते. तुम्ही हा फोन घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरा. फोनवर रेघा दिसतील. रेघा कमी झाल्या, म्हणजे सिग्नल मरायला लागला. जिथे पार मेला, तिथे खूण करून ठेवा. मी उद्या येऊन बघते."

रंगनाथ फिरला. हॉलमध्ये सगळ्या रेघा होत्या. जिन्यात दोन राहिल्या. मागच्या खोलीत शेवटची रेघही गेली. रंगनाथला वाईट वाटलं. खूण कसली करायची? कुणी गेलं की जी करतात तीच. त्याने तिथे पाट मांडला, त्यावर दिवा लावला, उदबत्ती लावली, झेंडूचा हार ठेवला आणि टोपी काढून शेजारी बसला.

तेवढ्यात दौलतअण्णा आले. दिवा बघून त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या.

"कधी झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत्ताच, अण्णा. जिन्यापर्यंत ठीक होतं. इथे आला आणि गेला."

"फार त्रास झाला का?"

"नाही. एकदम गेला."

"देवमाणूस," अण्णा म्हणाले.

त्यांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. सगळे हात बांधून उभे राहिले. अण्णांनी भाषण केलं. त्यांच्या जाण्याने दूधक्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे, म्हणाले. ऑफिस दिवसभरासाठी बंद ठेवलं. बाहेर पडताना हिशेबनिसाने विचारलं, "अण्णा, पण गेलं कोण?"

"आता ते विचारणं बरं दिसत नाही," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हार बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो भाऊ! सिग्नल मेला म्हणून कुणी दुखवटा पाळतं का? राउटर खाली दाराशी होता म्हणून असं झालं. ज्याचा प्रभाव सगळीकडे पडायला हवा, ते मधोमध ठेवायचं आणि शक्य तितकं उंच ठेवायचं."

"आता कळलं, मॅडम. आता चुकणार नाही," रंगनाथ म्हणाला.

दुपारी संचालकांची बैठक होती. अण्णा म्हणाले, "रंग्या, माझी खुर्ची नीट लाव. चेअरमनचा प्रभाव पडला पाहिजे."

रंगनाथला प्रभाव माहीत होता. त्याने हॉलच्या मधोमध दोन टेबलं एकावर एक रचली. वर खुर्ची ठेवली. शिडी लावली.

संचालक आले आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्यांना वाटलं, आता अण्णा रंगनाथच्या कानाखाली वाजवणार. पण अण्णांनी खुर्चीकडे बराच वेळ बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी या संघासाठी झिजलो," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा कुणी तरी माझी जागा ओळखली." आणि धोतर सावरत ते वर चढले.

बैठक छान चालली. सगळे ठराव एकमताने मंजूर झाले, कारण वर मान करून वाद घालायला फार त्रास होत होता. मग कुणाला तरी उकडलं आणि त्याने पंखा लावला.

अण्णांची टोपी खिडकीतून बाहेर गेली. अण्णा थोडक्यात बचावले.

"भाऊ, वर पंखा होता!" मॅडम म्हणाल्या. "आडवं काय येतंय ते आधी बघायला नको? ही सवयच लावून घ्या. लोखंड आणि पाणी ही दोन सगळ्यात वाईट. वाटेत लोखंड आलं, पाणी आलं, की सिग्नल अडतो. ते आधी बाजूला करायचं."

"आता कळलं, मॅडम. आता चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी निरोप दिला. जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार होते. "त्यांच्या वाटेत काही आडवं येता कामा नये, काय?" अण्णांनी बजावलं.

रंगनाथने वाट बघितली. वाटेत सगळ्यात मोठं लोखंड म्हणजे ऑफिसचं फाटक. त्याने ते बिजागरीतून उचललं आणि भिंतीमागे नेऊन ठेवलं. मग पाणी. ते माठात होतं. तो माठ त्याने अंगणात ओतून दिला.

फाटक नाही आणि अंगणात पाणी, हे सगळ्यात आधी गावच्या म्हशींना कळलं. साहेब अजून निघालेही नव्हते. म्हशी येऊन पोचल्या. एक अण्णांच्या केबिनमध्ये शिरली आणि तिथल्या गालिच्यावर बसली. तिला उठवायला अख्खी सकाळ गेली. साहेबांना फोन करून पाहणी पुढे ढकलावी लागली. अण्णांना घाम फुटला, पण प्यायला पाणी नव्हतं.

मॅडम आता जरा आवाज चढवून बोलल्या. "भाऊ, दार उघडं टाकलं की कुणीही आत शिरणारच! आपल्या नेटवर्कचंही तसंच आहे. म्हणून तर पासवर्ड लागतो. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. तोही सोपा नको. त्यात लहान अक्षर हवं, मोठं अक्षर हवं, आकडा हवा, एखादं चिन्ह हवं. तो ज्याला सांगता येणार नाही, त्याला आत घ्यायचं नाही. मग तो कुणी का असेना."

"आता कळलं, मॅडम. आता चुकणार नाही."

सकाळी दुधाच्या वेळेला रंगनाथ दारात उभा राहिला. सगळ्यात पुढे ठकूबाई होती. तिच्या म्हशीचं दूध गावात सगळ्यात दाट, आणि तिची जीभ त्याहून धारदार.

"पासवर्ड सांगा," रंगनाथ म्हणाला.

"काय सांगू?"

"परवलीचा शब्द. लहान अक्षर पाहिजे, मोठं अक्षर पाहिजे."

ठकूबाईने सांगितलं. त्यात लहानमोठी सगळी अक्षरं होती. रंगनाथच्या दोन पिढ्यांचा उल्लेखही होता.

"आकडा नाही आला," रंगनाथ म्हणाला.

"कानाखाली दोन देईन!"

"आला. आता चिन्ह?"

ठकूबाईने हाताने चिन्ह केलं. रंगनाथ बाजूला झाला आणि तिला आत जाऊ दिलं. पण बाकीच्या बायका भिडस्त होत्या. त्यांना असलं बोलता येईना. त्या किटल्या घेऊन उन्हात उभ्या राहिल्या.

मग दौलतअण्णा आले. "रंग्या, सरक!"

"पासवर्ड, अण्णा?"

"अरे, मी चेअरमन आहे!"

"ते फार सोपं आहे. ते सगळ्यांनाच माहीत आहे."

"दौलतराव सपकाळ!"

"यात आकडा नाही."

"गाढवा!"

"तीन वेळा चुकलात, अण्णा. आता थोड्या वेळाने प्रयत्न करा."

मॅडम येईपर्यंत अण्णा बायकांच्या रांगेत बसले होते आणि किटल्यांमधलं दूध नासलं होतं. बायकांनी ते नासलेलं दूध अंगणातल्या झाडाला ओतलं आणि रिकाम्या किटल्या घेऊन घरी गेल्या. रंगनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला रडू आलं.

ते बघून मॅडमना दया आली. त्या समजावून म्हणाल्या, "भाऊ, आपल्या माणसांना अडवायचं नसतं हो. परक्यांना सांभाळायचं असतं. आणि पाहुण्यांसाठी तर वेगळीच सोय करायची. आपलं जाळं निराळं, पाहुण्यांचं निराळं. पाहुण्याला हवं ते द्यायचं, पण आपल्या आतल्या कारभारापर्यंत त्याला पोचू द्यायचं नाही."

"आता कळलं, मॅडम."

पुढे ढकललेल्या पाहणीला जिल्ह्याचे साहेब आले. रंगनाथने त्यांना वाकून नमस्कार केला आणि थेट पेंडीच्या कोठारात नेलं. तिथे चहा होता, चिवडा होता, उशी होती, पंखा होता. फक्त दाराला बाहेरून कडी होती.

"मला मशीन बघायचं आहे," साहेब आतून म्हणाले.

"तो आतला कारभार आहे, साहेब. तुम्ही पाहुणे आहात. तुम्हाला हवं ते सांगा, देतो."

साहेबांनी थोडा वेळ दार वाजवलं. मग चिवडा खाल्ला. मग ते आडवे झाले. संध्याकाळी मॅडमनी धावत येऊन कडी काढली तेव्हा साहेबांचा चेहरा टवटवीत होता. इतकी निवांत पाहणी त्यांनी उभ्या नोकरीत केली नव्हती. "व्यवस्था समाधानकारक वाटते," ते जांभई देत म्हणाले, "पण आकड्याची अट तशीच आहे. तो पडद्यावर दिसलाच पाहिजे."

मॅडमनी मग रंगनाथला काही करू दिलं नाही. त्यांनी स्वतः शिडीवर चढून राउटर छताला लावला, मशीन जोडलं, पडदा जोडला. सगळं चाललं. रंगनाथ खाली शिडी धरून उभा होता. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"मला काहीच काम नाही का, मॅडम?"

मॅडमना नाही म्हणवेना. "आहे ना. उद्या मी मशीनच्या खोलीत असेन. तुम्ही मंडपात, स्टेजजवळ थांबा. आणि एवढंच लक्षात ठेवा. काही अडकलं, तर घाबरायचं नाही. बंद करायचं. थोडं थांबायचं. पुन्हा चालू करायचं. बहुतेक सगळं तेवढ्यानेच सुरळीत होतं."

"बंद करायचं, थांबायचं, पुन्हा चालू करायचं," रंगनाथ म्हणाला. रात्री झोपेतसुद्धा तो तेच म्हणत होता.

उद्घाटनाला मंत्री आले. मंडप भरला. जिल्ह्याचे साहेब पहिल्या रांगेत बसले. मंत्र्यांना हार घातला, शाल दिली, माइक दिला, आणि ते बोलू लागले. ते दुधावर बोलले. दुधाच्या पांढऱ्या रंगावर बोलले. मग स्वतःच्या बालपणावर बोलले, जे बरंच लांब होतं. लोक पेंगायला लागले. तिकडे मशीनच्या खोलीत ठकूबाईने आपल्या म्हशीचं दूध ओतलं. साहेब पडद्याकडे बघू लागले. पडद्यावर आकडा येईना. नुसतं एक चक्र गरगर फिरत राहिलं.

नेमके त्याच वेळी मंत्री म्हणाले, "आणि म्हणूनच मला अभिमान वाटतो, की आज मी या... या... या..."

त्यांना गावाचं नाव आठवेना. "या... या..." ते म्हणाले आणि थांबले.

मशीनच्या खोलीतून मॅडम ओरडल्या, "अडकलं! भाऊ, अडकलंय!"

रंगनाथने पडद्याकडे बघितलं. मग मंत्र्यांकडे बघितलं. पडद्यावरचं चक्र निदान फिरत होतं. मंत्री मात्र पार थांबले होते. म्हणजे अडकलंय कोण, ते उघड होतं.

तो स्टेजवर चढला. मंत्र्यांच्या हातातला माइक काढून घेतला. गळ्यातला हार काढला. शाल काढली. दंडाला धरून त्यांना पडद्यामागे नेलं आणि खुर्चीवर बसवलं. "थोडा वेळ डोळे मिटा, साहेब," तो म्हणाला. मंत्र्यांना कुणी ना कुणी दंडाला धरून नेण्याची सवय होती. त्यांनी डोळे मिटले.

तोवर मॅडमनी आपला डबा बंद करून चालू केला होता. चक्र थांबलं. पडद्यावर भला मोठा आकडा आला. ठकूबाईच्या म्हशीचा. मंडपात टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. साहेब उठून म्हणाले, "केंद्र हिवरखळीत!" बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. अण्णांनी टोपी हवेत उडवली.

थोडं थांबून झालं होतं. रंगनाथने मंत्र्यांना पुन्हा बाहेर आणलं. शाल घातली, हार घातला, हातात माइक दिला.

मंत्र्यांनी गळ्यातला हार बघितला. टाळ्या ऐकल्या. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "जमलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो..."

टाळ्या थांबल्या.

दूध झालं. दुधाचा पांढरा रंग झाला. बालपण झालं. जिलब्या गार पडल्या. ऊन उतरलं. आणि मग मंत्री म्हणाले, "म्हणूनच मला अभिमान वाटतो, की आज मी या... या... या..."

ठकूबाई उभी राहिली. "रंगनाथ, बंद कर त्याला!"

"बंद कर! बंद कर!" अख्खा मंडप ओरडला. अण्णाही ओरडले.

रंगनाथने माइक काढला, हार काढला, शाल काढली, मंत्र्यांना पडद्यामागे नेलं. लोक भराभर उठले. सतरंज्या गोळा व्हायला लागल्या. कुणी तरी जिलबीचं पातेलं उघडलं.

रंगनाथ थोडं थांबला. मग त्याने मंत्र्यांचा दंड धरला.

अण्णा धावत आले आणि त्यांनी हात जोडले. "रंग्या, तुझ्या पाया पडतो. आता पुन्हा नको!"

"असं अर्धवट सोडून कसं चालेल, अण्णा?" रंगनाथ म्हणाला, आणि त्याने मंत्र्यांच्या गळ्यात हार घातला.