सायकलीवरचे मानकरी

सरकारांची सायकल पुन्हा कुरकुरली, आणि या खेपेला मागच्या चाकाच्या तारा तुटून सरकार भर बाजारात चिखलात बसले.

"दौलत मिस्त्री," निंबसर संस्थानचे भुजंगराव सरकार गरजले, "तू दुरुस्त करतोस आणि ती पुन्हा मोडते. म्हणजे तूच मोडून ठेवतोस! तू नसशील, तर उद्या सकाळी खरा चोर हजर कर, नाहीतर बिऱ्हाड उचल आणि संस्थानाबाहेर चालता हो."

दौलतने हात जोडले. बिचाऱ्यालाही कोडंच पडलं होतं. त्याच्या दुकानात सायकल अगदी शहाण्यासारखी चालायची. सरकार बसले की मात्र कुई, कुई, कट्!

सकाळी नव्या तारा घातलेली सायकल घेऊन दौलत राजवाड्यावर गेला, तेव्हा त्याची लेक बायजाही सोबत निघाली. अंगणात स्वारीची तयारी चालली होती. संस्थानचा रिवाज असा, की राजचिन्हांवाचून सरकारांनी उंबरठा ओलांडायचा नाही. पूर्वी सेवक ती घेऊन मागून चालत. सायकलीमागे धावताना त्यांना धाप लागायला लागली, तेव्हा कारभाऱ्यांनी शक्कल लढवली आणि चिन्हंच सायकलीला बांधून टाकली. दांडीला तलवार, हँडलला चांदीचं पानदान, मागे पिंक टाकायचं पितळी तस्त आणि त्याला टेकून अब्दागिरीचा, म्हणजे सरकारांवर सावली धरायच्या छत्राचा, भलामोठा दांडा. दुरुस्तीला पाठवताना मात्र हे सगळं मानाने उतरवून ठेवत, कारण मिस्त्रीचे तेलकट हात लागायला नकोत!

ते ओझं पाहून बायजाला हसू आवरेना. पण सांगायचं कुणी? राजचिन्हांना नावं ठेवली असती, तर बापाला तिथल्या तिथेच हाकललं असतं.

सरकार बाहेर आले आणि बापाच्या पुढे उभ्या असलेल्या बायजाला त्यांनी विचारलं, "काय गं, चोर सापडला का?"

"सापडले, सरकार. पण मोठे मानकरी आहेत. सरकारांच्या सायकलीवर बसून फुकट फिरतात. त्यांचं नाव घ्यायची आमची काय प्राज्ञा? आधी सरकारांनी शिक्षा सांगावी."

"आमच्या सायकलीवर?" सरकार लालबुंद झाले. "मानकरी असो नाहीतर आमचा सख्खा मेहुणा, जो तिच्यावर बसून ती मोडत असेल त्याने आजपासून पायी चालायचं. हा आमचा हुकूम."

"कारभारीसाहेब, ऐकलंत ना?" बायजाने पदर खोचला आणि गाठी सोडायला घेतल्या. "चला पानदानसाहेब, उतरा. तलवारबाई, तुम्हीही. तस्तराव, अब्दागिरीपंत, पाय मोकळे करा."

कारभारी धावत आले. "अगं, हा राजचिन्हांचा अपमान आहे!"

"अपमान कसला? पूर्वीसारखे सेवकांच्या हातांवरून येतील की."

सरकारांच्या मिशा थरथरल्या, पण हुकूम तोंडातून गेला होता. ते मुकाट्याने सायकलीवर बसले आणि अंगणात एक फेरी मारली. कट् गेलं होतं. पण सीटखालून बारीकशी कुई आलीच.

"आता कोण राहिलं?" सरकारांनी डोळे वटारले.

बायजाने मान खाली घातली. "एकच मानकरी राहिलेत, सरकार. हुकूम सगळ्यांना सारखाच आहे का, एवढंच विचारायचं होतं."

दौलतने डोळे मिटून घेतले. कारभारी खांबाकडे बघू लागले. सरकारांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि इतके हसले की पागोटं कानावर आलं.

"हुकूम तो हुकूम," म्हणत ते खाली उतरले. "आम्ही पायी निघालो. दौलतचं बिऱ्हाड इथेच राहील, आणि ही सायकल आजपासून या पोरीची."

स्वारी बाजारातून निघाली. पुढे घामाघूम सरकार, मागे हातांवरून येणारे मानकरी, आणि सगळ्यांत शेवटी सायकलीवर बायजा. सायकल अक्षरही बोलली नाही.