ठेंगण्या दाराच्या तीन शिळा

एका राज्यात एक देऊळ होतं आणि त्याचं दार होतं जेमतेम कमरेएवढं. देवाकडे जायचं तर रावाने वाकावं आणि रंकानेही, अशी तिथली रीत. राजा उद्दामसेनाला ती झोंबली. "मी कोणापुढे वाकत नाही. इथला देव मीच," असं म्हणून त्याने दारावरच्या तीन शिळा उखडवल्या आणि घोड्यावर बसूनच आत शिरला.

तिथेच त्याच्या मानेचा दगड झाला. तो दगड रोज बोटभर खाली उतरू लागला. वैद्य झाले, मांत्रिक झाले, कोणाची मात्रा चालेना.

त्या शिळांच्या फटीत एका साळुंकीचं घरटं होतं. बेघर झालेली ती साळुंकी राजकन्या शलाकेच्या खिडकीत येऊन बसली.

"राजकन्ये, नऊ दिवसांनी दगड काळजाला पोचेल. तिन्ही शिळा जागी बसव आणि त्याच दारातून बापाला आत ने."

"शिळा कुठे आहेत?"

"एक मगरींच्या डोहात, दुसरी अग्निसर्पाच्या वेटोळ्यात. तिसरी सर्वांत अवघड. ती तुझ्या बापाच्या सिंहासनाची पायरी झाली आहे."

शलाकेचा बापावर जीव होता आणि रागही होता. दोन्ही घेऊन ती तडक निघाली.

मगरींच्या राजाने मुकुट मागितला. तिने तो काढून दिला, मगरींनी शिळा पाठीवरून काठाला आणली. अग्निसर्पाने राजवस्त्र मागितलं. तिने अंगावर घोंगडी घेतली आणि वस्त्र देऊन टाकलं. शिळा मात्र निखाऱ्यासारखी तापली होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि देवळापाशी येईपर्यंत खाली ठेवली नाही.

सहा दिवस सरले होते. दगड राजाच्या छातीवर आला होता.

"बाबा, उतरा. पायरी हवी आहे."

"राजा उतरत नाही."

"मग मीही उठत नाही." शलाका त्या पायरीवरच बसली.

दोन दिवस तिने पाण्याचा थेंब घेतला नाही. राजाची मान वळेना, त्यामुळे पायाशी बसलेली लेक त्याला दिसतही नव्हती. नवव्या दिवशी तिने दोन्ही हात उंच करून त्याच्या डोळ्यांसमोर धरले. तळवे भाजून काळे पडले होते.

"हे माझ्यासाठी केलंस?" राजाचा आवाज फाटला.

"हो."

"उतरव मला."

शिळा बसल्या, दार पुन्हा ठेंगणं झालं. पण दगडाचा माणूस वाकणार कसा? सारं नगर पाहत उभं होतं. राजा म्हणाला, "पोरी, मला आडवा कर. तुझ्या घोंगडीवरून ओढत ने."

भाजलेल्या हातांनी शलाकेने बापाला ओढलं. उंबरठ्यावर तो मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "देवा, तू देव आहेस. मी माणूस आहे. माझं चुकलं."

दगड तडकला आणि भुगा होऊन गळून पडला. शलाकेच्या तळव्यांवर नवी कातडी आली. राजा तिला पोटाशी धरून पोटभर रडला.

मग तो उठला आणि जुन्या सवयीने ताठ मानेने बाहेर निघाला. कपाळ वरच्या शिळेवर दाणकन आपटलं.

"सांभाळून, महाराज," साळुंकी वरून म्हणाली. तिच्या चोचीत घरट्याची पहिली काडी होती. "इथे आम्ही राहतो."

राजाने टेंगूळ चोळलं, हसला, आणि वाकून बाहेर आला.