हुप्प्याचं उंबर

फार फार वर्षांपूर्वी सागाच्या जंगलात वानरांची एक टोळी होती. भुऱ्या हा तिचा म्होरक्या, म्हणजे हुप्प्या. तो म्हातारा झाला तेव्हा एका तरण्या वानराने त्याला हरवून टोळीबाहेर हाकललं.

दोन दिवस भुऱ्या खडकावर उपाशी बसून राहिला. तिसऱ्या सकाळी पाठीवर कोवळं ऊन आलं, तेव्हा त्याने पिंपळाची पालवी तोडून सावकाश चावली. ती गोड होती. इतकी वर्षं प्रत्येक घास त्याने वैऱ्यांवर नजर ठेवूनच गिळला होता. मग तो तिथेच रमला.

पावसाळा सरल्यावर टोळीतली एक वानरी आली. म्हणाली, "भुऱ्यादादा, नवा हुप्प्या पळून गेला. परत चला, टोळी तुमचीच आहे."

भुऱ्याची छाती क्षणभर फुगली. मग त्याने शेजारच्या लगडलेल्या उंबराकडे पाहिलं.

"तुझा लेक आता जाणता झालाय, त्याला पुढे कर," तो म्हणाला. "मला इथे ऊन आहे, फळं आहेत आणि घाई कसलीच नाही. तूही दोन खाऊन जा."

वानरी गेल्यावर म्हातारा उंबराच्या शेंड्यावर चढला आणि निव्वळ आनंदाने 'हुप्प' करून असा ओरडला, की सारी दरी दणाणून गेली.