पोटदुखीचा गुन्हेगार

"उद्यापासून राज्यात एकाही पोराचं पोट दुखता कामा नये! दुखलं, तर गुन्हेगाराला थेट तुरुंग!"

पोरांच्या रडण्याने वैतागलेल्या राजा धवलसेनाने अशी दवंडी पिटवली. दुसऱ्याच दिवशी शिपायांनी पोट धरून बसलेल्या चिमुकल्या ठकीला पकडून दरबारात आणलं. मागोमाग तिची थोरली बहीण, बुरुडाची भिवरा, धावत आली.

"महाराज, दगड लागून एखाद्याचं डोकं फुटलं, तर तुरुंगात कोण जातं? डोकेवाला?"

"छे! दगड मारणारा!"

"मग पोट दुखलं तर ठकी कशी जाईल? दुखवणाऱ्याला धरा!"

दरबार खुदखुदला. राजा चिडला. "असं? मग सूर्य मावळायच्या आत पोटदुखीचा गुन्हेगार इथे उभा कर! नाहीतर दोघी बहिणी आत!"

आता पोटदुखीच्या मुसक्या कशा बांधायच्या? भिवरेने टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि घरोघर फिरून विचारलं, "पोरं कशी आहेत? पाणी कुठलं पिता?" विहिरीवाल्यांची पोरं उड्या मारत होती. ओढ्याचं पाणी पिणारी सगळी आडवी! भिवरा तडक ओढ्याच्या काठाने वर निघाली. वर पाहते तर काय!

संध्याकाळी दरबारात धप्, धप् आवाज आला. हातात ऊस घेऊन भिवरा पुढे, आणि उसाच्या मागे राजाचा लाडका हत्ती! प्रधान खांबाआड, सेनापती प्रधानाआड! राजा ताडकन उठला. "हे काय?"

"महाराज, हा रोज ओढ्यात अंघोळ करतो. नुसती अंघोळ नाही हो, सगळंच उरकतो! तेच पाणी खाली पोरं पितात."

"अगं, तो मुका जीव! माहूत नेतो तिथे जातो."

हत्तीमागून आलेला माहूत म्हणाला, "आणि मी हुकूम असतो तिथे नेतो, सरकार!"

"कोणाचा हुकूम?" राजा गरजला.

सगळे राजाकडे बघत राहिले.

"म्हणजे गुन्हेगार..." राजा चाचरला.

भिवरेने हात जोडले. "मी नाव घेतलं नाही, महाराज! गुन्हेगाराला दरबारात उभं करायचं होतं. हत्ती दिसताच आपण आपणहून उभे राहिलात!"

मग राजा असा हसला, असा हसला, की मुकुट घरंगळून हत्तीच्या पायाशी गेला! त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून भिवरेला दिलं आणि तिला राज्यातल्या साऱ्या पाणवठ्यांची कारभारीण नेमलं.

कारभारणीचा पहिला हुकूम तिथल्या तिथे सुटला: "हत्तीची अंघोळ गावाच्या खालच्या अंगाला! आणि महाराजांचीसुद्धा!"