सहा कोनी कुंपण आणि पाटलाची फळी

हे कुंपण हातानं मोजा हवं तर. सहा कोन, आत सहा कणग्या कडेनं, सातवी मधोमध. बोट घालायला जागा नाही. हे डोकं कुणा शास्त्र्याचं नाही हो, गौराक्का बुरडिणीचं. असं सांगतात.

त्या वर्षी रानडुकरांनी गावाचं बियाणं खाऊन फस्त करायचं मनावर घेतलं होतं म्हणे. म्हणून सहा घरांच्या बियाण्याच्या कणग्यांना दगडी कुंपण करायचं ठरलं. कणग्या सगळ्या गौराक्कानंच विणलेल्या, एका मापाच्या, चार हात रुंद. तिनं विचारलं, "माझी सातवी कुठं ठेवू?"

शिदोजी पाटील म्हणाले, "सहा घरांचं कुंपण आहे बये. तुझी ठेव की झोपडीत!"

झोपडीला कुडाची भिंत. डुक्कर एका धडकेत आत. बियाणं गेलं की तिचं वर्ष गेलं. पण ती भांडली नाही.

हैबती गवंड्यानं तीन-तीनच्या दोन ओळी आखल्या. भिंत चाळीस हात झाली. दगड अडतीस हातांचेच, आणि खाणीत पाणी भरलेलं. पाटील डोकं धरून बसले.

"हैबतीदादा, तुम्ही कधी बांबूची मोळी बांधलीय का?" गौराक्का म्हणाली.

"मी दगडाचा माणूस, आक्का."

तिनं बांबूच्या सात गोल कांब्या घेतल्या, एक मधे, सहा भोवती. दोरी आवळली. मग मधली हळूच ओढून पदराआड केली. "ह्याच्याहून कमी दोरी लागत नाही. दोरीच्या जागी तुमची भिंत धरा."

हैबतीनं पदर पाहिला, गालात हसला आणि सहा कोन आखायला लागला. भिंत अडतीस हातांत बसली!

सकाळी पाटील बघतात तर मधल्या मोकळ्या जागेत सातवी कणगी, रिकामी वरून सोडून रातोरात काठोकाठ भरलेली.

"काढ ती!"

"काढते की. आधी भिंत पाडा, मग तुमची कणगी हलवा."

पाटलाचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. वर ती आपल्या कणगीपाशी जायची ते पाटलाच्या कणगीवर फळी टाकून.

मग पावसानं भिंती पाझरल्या. भिंतीला टेकलेल्या सहाही कणग्यांतलं बियाणं कुजलं. मधलीला भिंत शिवतच नव्हती, ती कोरडी राहिली. पाटील कुंपणाबाहेर टोपलं घेऊन उभे राहिले. गौराक्कानं त्यांना फळी धरायला लावली, चढली आणि सहाही घरांना बियाणं वाटलं.

आजही दर वर्षी मधली कणगी, गावानं ज्याला जागा नाकारली असेल, त्याची असते. पेरणीची पहिली मूठ तिच्यातूनच निघते. ती काढायला तो माणूस वर चढतो, तेव्हा खाली फळी धरून उभे असतात ते गावचे पाटील.