वाघाचा हुकूम आणि सुगरण

एका जंगलात, ओढ्यावर वाकलेल्या बाभळीला घरटं टांगून एक सुगरण राहत असे. घरट्यात तिची तीन अंडी होती. मुलांनो, त्याच सुमारास जंगलाचा म्हातारा सिंह वारला आणि शेजारच्या डोंगरातून आलेला एक वाघ राजा झाला. पहिल्याच दिवशी त्यानं हत्तींना हुकूम दिला, "ओढ्याकाठचं एकूण एक झाड पाडा. पाण्यावर कोण येतं, कोण जातं, ते मला माझ्या खडकावरून दिसलं पाहिजे."

पलीकडच्या जांभळीवर एक कावळा राहायचा. दरबारातली बातमी सगळ्यांत आधी त्याच्याकडे येई. सुगरण अंडी सोडून त्याच्यापाशी जाऊन बसे. "हत्ती कुठवर आले? वाघाचं मन काही बदललं का?" सकाळी विचारून आली, तरी दुपारी तिला राहवत नसे. "आज वळणावरचा उंबर गेला," कावळा सांगे. बाकीचे पक्षी पिलांना घेऊन केव्हाच उडून गेले होते. पण अंडी उचलून ती कुठं नेणार?

ओढ्यात एक म्हातारं कासव होतं. एकदा ती उडायला निघाली, तेव्हा त्यानं विचारलं, "पोरी, आज कितव्यांदा चाललीस?"

"आजोबा, पुढं काय होणार ते कळायला नको का?"

"कळलं, तर काय करणार आहेस?"

सुगरणीनं उघडलेले पंख मिटले. कासव म्हणालं, "वाघाला आवरणं तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. ज्यानं त्याला राज्य दिलं, त्या देवाच्या हातात आहे. मी पाच राजे पाहिले. प्रत्येकाला वाटायचं, जंगल आपल्याच हुकमानं चालतं. तुझ्यावर देवानं ही अंडी सोपवली आहेत. जा, त्यांच्यावर बस."

"आणि झाडच पडलं तर?"

"ते मला माहीत नाही. पण तोवर त्यांना गार पडू देऊ नकोस."

सुगरण घरट्यात परतली. त्यानंतर ती जांभळीवर गेली नाही. चौथ्या दिवशी हत्ती शेजारच्या झाडापर्यंत आले. ते झाड कोसळलं, तसं तिचं घरटं गरगर फिरलं. "ही बाभूळ उद्या," एक हत्ती म्हणाला आणि सगळे निघून गेले. सुगरण अंड्यांना आणखी बिलगून बसली. ती पुटपुटली, "देवा, राजांचाही राजा तू आहेस. मला फार भीती वाटते आहे. पण मी उठत नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, तरी हत्ती आले नाहीत. दुपारी कावळाच उडत आला. "ऐकलंस का? पहाटे वाघानं साळिंदरावर झडप घातली. त्याचा एक काटा पंजात खोल रुतला. पाय टेकवेना, शिकार साधेना. लंगडत लंगडत तो आपल्या डोंगरात परत गेला. आणि हुकूम देणाराच गेल्यावर हत्तीही बांबूच्या बनात चरायला गेले."

बाभूळ उभीच राहिली. काही दिवसांनी दोन अंडी फुटली आणि दोन पिलं चोची उघडून ओरडू लागली. तिसरं अंडं मात्र फुटलं नाही. सुगरण कितीतरी दिवस त्याच्यावर बसून राहिली. ते वाघानं नेलं नव्हतं, हत्तींनी पाडलं नव्हतं. ती जांभळीवर बातम्या ऐकत बसली होती, तेव्हाच ते गार पडलं होतं.

तात्पर्य : राज्य कुणाला द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं, हे देव पाहतो; त्या काळजीपायी त्यानं आपल्यावर सोपवलेलं काम सोडून उठू नये.