बुर्गग्राफ साळिंदर

शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या.

फार पूर्वी जर्मन देशात बारशिंगा सम्राट होता. त्याने साळिंदराला बुर्गग्राफ, म्हणजे किल्ल्याचा कारभारी नेमलं आणि लांडग्याला मार्कग्राफ, म्हणजे सीमेचा अधिकारी.

एका संध्याकाळी लांडगा किल्ल्याच्या दाराशी आला. आत मेंढ्या थरथरू लागल्या.

"दार उघड रे! माझी पदवी तुझ्याहून मोठी आहे."

"सीमेवर मोठी, लांडगेराव. हे दार मी फक्त सम्राटांसाठी उघडतो."

"त्यांना सांगून तुलाही मार्कग्राफ करतो!"

"मग मला सीमेवर जावं लागेल. इथं मेंढ्या कोण सांभाळणार, तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लांडगा सम्राटालाच घेऊन आला. साळिंदराने दार उघडलं, वाकून सम्राटाला आत घेतलं आणि लांडग्याच्या नाकासमोर दार लावून टाकलं.